सैनिक, शिक्षक, लेखक: एका माणसाचे कागद कसे जपावेत

तरुणपणी सैन्यात, नंतर शाळेत आणि या सगळ्या काळात लिहिता राहिलेला माणूस गेला की त्याच्या मागे कागदांचा मोठा पसारा उरतो. सेवापुस्तिका, बदलीचे हुकूम, आघाडीवरून आलेली पत्रं, खिशात मावतील अशा रोजनिश्या. त्यांच्या शेजारीच पाठटाचणं, सायक्लोस्टाईल केलेल्या प्रश्नपत्रिका, जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं. आणि कथा-कवितांचे मसुदे, दुरुस्त केलेली मुद्रितं, संपादकांनी परत पाठवलेली हस्तलिखितं, वर्तमानपत्रांची कात्रणं. हे काम अंगावर आलेल्या नव्या माणसाला पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे तीन ढीग करायचे: लष्कराचे, शाळेचे, लेखनाचे. हा लेख मुख्यतः ते ढीग होऊ नयेत यासाठी लिहिला आहे. कागद तीन प्रकारचे असले तरी माणूस एकच होता आणि त्याचं टेबलही एकच होतं.

दोन उदाहरणं देतो. तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाईन पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात लढले आणि १९२० ते १९२६ या काळात खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत शिक्षक होते. त्यांच्या युद्धकाळातल्या वह्यांत उजव्या पानांवर तत्त्वज्ञान आहे आणि डाव्या पानांवर, सोप्या सांकेतिक लिपीत, खासगी नोंदी: भीती, थकवा, सोबतचे सैनिक. १९६१ मध्ये उजवी पानं छापली गेली. डावी पानं वाचकांसमोर यायला आणखी वीसहून अधिक वर्षं गेली. ज्या मूळ वह्या उरल्या त्या अखंड राहिल्या म्हणूनच आज दोन्ही पानं समोरासमोर ठेवून, कोणता विचार कोणत्या रात्री सुचला हे पाहता येतं. दुसरं उदाहरण जे. आर. आर. टोल्किन यांचं. १९१६ मध्ये ते सॉमच्या लढाईत होते, पुढे विद्यापीठात शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, तेव्हा त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे कित्येक मसुदे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिले. ‘शाळेची रद्दी’ म्हणून तो गठ्ठा कुणी बाहेर काढला असता तर हस्तलिखितच गेलं असतं.

पहिली पायरी: हात लावण्याआधी फोटो

कपाट, ट्रंक, टेबलाचे खण जसे आहेत तसे मोबाईलवर टिपून घ्या. आधी पूर्ण खोली, मग प्रत्येक कप्पा, मग प्रत्येक गठ्ठ्याची वरची बाजू. गठ्ठा कशाने बांधला होता आणि त्यावर काय लिहिलं होतं तेही फोटोत आलं पाहिजे. कोणता कागद कुठे होता, ही माहिती कागदावर कुठेच लिहिलेली नसते. एकदा आवराआवर झाली की ती कायमची जाते.

या टप्प्यावर काहीही फेकू नका. बसची तिकिटं, दुकानाची बिलं, कोऱ्या वाटणाऱ्या वह्या, सगळं राहू द्या. फेकायचा निर्णय शेवटी घ्यायचा असतो, आणि तोही शक्यतो एकट्याने नाही.

सैनिकाच्या ट्रंकेसाठी एक वेगळी सूचना, आणि ती गांभीर्याने घ्या. आठवण म्हणून आणलेलं काडतूस, हातबॉम्बचं कवच, फ्यूज असं काही सापडलं तर ते रिकामं आहे असं गृहीत धरू नका. उचलू नका, हलवू नका, खोलीबाहेर या आणि पोलिसांना कळवा. बंदूक किंवा पिस्तूल निघालं तरी पोलिसांनाच कळवायचं. ‘गोपनीय’ शिक्का असलेले नकाशे किंवा हुकूम सापडले तर त्यांचे फोटो कुणालाही पाठवू नका. ते वेगळ्या पाकिटात ठेवा आणि संबंधित लष्करी कार्यालयाला विचारा.

दुसरी पायरी: मालकी कुणाची, हक्क कुणाचा

हे काम कंटाळवाणं आहे, पण आधी उरकलेलं बरं. मृत्युपत्र असेल तर त्यात कागदपत्रांबद्दल किंवा लेखनाच्या हक्कांबद्दल काही म्हटलंय का पाहा. नसेल तर सगळ्या वारसांशी बोलून, काम कोण करणार आणि कागद कुठे राहणार हे चार ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

कागदाची मालकी आणि त्यावरच्या मजकुराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलेल्या माणसाला आलेली पत्रं तुमच्या घरात आहेत, म्हणजे कागद तुमचा; पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराईट पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. उलट त्यांनी इतरांना पाठवलेली पत्रं दुसऱ्यांच्या घरी असली तरी मजकुराचा हक्क तुमच्या कुटुंबाकडे. बर्न करारानुसार हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो. बऱ्याच देशांत ६० किंवा ७० वर्षं. त्यामुळे जपून ठेवायला परवानगी लागत नाही, छापायला लागते.

तिसरी पायरी: जागा

महागडी साधनं घेण्यापेक्षा योग्य जागा निवडण्याने कागदाचं आयुष्य जास्त वाढतं. माळा आणि तळघर दोन्ही टाळा: एक तापतो, दुसरं ओलावतं. बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, वरून पाण्याचा पाईप न जाणारं, जमिनीपासून निदान वीतभर उंच असलेलं, अंधारं पण हवा खेळती असलेलं कपाट उत्तम. तापमान २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी आणि आर्द्रता ३५ ते ५० टक्के हे आदर्श झालं. ते साधत नसेल तर निदान चढउतार कमी राहतील असं पाहा, कारण रोज फुगणारा आणि आक्रसणारा कागद लवकर ठिसूळ होतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवून दिला तर अंदाज करत बसावं लागत नाही.

डांबरगोळ्या घालू नका. त्यांची वाफ माणसाला चांगली नाही, कागदाला वास लागतो आणि काही प्लॅस्टिक मऊ पडतं. कसर किंवा किडे दिसले तर तो गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि पदकं मात्र फ्रीझरमध्ये नकोत. बुरशीचा गठ्ठा ताबडतोब वेगळा करायचा, कोरड्या हवेत सुकू द्यायचा आणि सुकल्यावरच, घराबाहेर, तोंडाला एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने झाडायचा. ओली बुरशी पुसली की ती कागदात आणखी मुरते.

चौथी पायरी: काय काय आहे याची ढोबळ यादी

एक वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या आणि दोन-तीन ओळींत आत काय आहे ते लिहा: ‘खोकं ४, टेबलाचा डावा खण. निळ्या फितीने बांधलेली पत्रं, अंदाजे ६०. एक रोजनिशी. सुट्टे मसुदे.’ वाचत बसायचा मोह इथेच होतो. तो आवरा. पूर्ण वाचन नंतर आहेच, आणि आत्ता वाचत बसलात तर तिसऱ्या खोक्याच्या पुढे जाणार नाही.

पाचवी पायरी: सफाई, आणि शाई ओळखणं

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदांसाठी सुती हातमोजे घालू नयेत. बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र मोजे हवेत. रबरबँड, प्लॅस्टिकच्या फायली, गंजलेल्या टाचण्या काढा. स्टेपल ओढू नका. मागून त्याचे दोन्ही पाय पातळ चपट्या पट्टीने उभे करा, मग पुढून उचला. धूळ मऊ ब्रशने मध्याकडून बाहेरच्या बाजूला झाडा. सेलोटेप लावलेला कागद तसाच राहू द्या, ती पट्टी काढणं तज्ज्ञाचं काम आहे. नवी सेलोटेप आणि लॅमिनेशन कुठल्याही कागदाला नको. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही.

आता आघाडीवरच्या पत्रांकडे. खंदकात दौत आणि टाक कोण बाळगणार? म्हणून पहिल्या महायुद्धात आणि पुढेही बऱ्याच सैनिकांकडे कॉपिंग पेन्सिल असायची. तिच्या शिशात ॲनिलिन रंग मिसळलेला असतो. कोरड्या कागदावर अक्षर साध्या पेन्सिलीसारखं राखाडी दिसतं, पण ओल लागली की तिथे जांभळा रंग फुटतो आणि पसरतो. पत्र उजेडाकडे तिरकं धरून भिंगातून पाहा. घडीवर, कोपऱ्यात, जिथे घामाचं बोट टेकलं असेल तिथे जांभळी छटा किंवा बारीक ठिपके दिसले तर ते पत्र याच पेन्सिलीचं. ओलं बोट लावून खात्री करायला जाऊ नका, अक्षर तिथेच फुटेल. घडी मोडण्यासाठी वाफ किंवा दमटपणा देण्याची युक्ती कुठे वाचली असेल तर ती या पत्रांवर चालणार नाही. ती कोरडीच उलगडा, दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या आणि काही दिवस वाट पाहा.

जुन्या दौतीच्या शाईचीही अशीच खोड आहे. लोह आणि टॅनिनची शाई लिहिल्यावर काळी पडते, वर्षांनी तपकिरी होते आणि तिच्यातलं आम्ल व लोह कागद खातं. पान उलटवून पाहिलं की मागे अक्षरांभोवती तपकिरी सावली दिसते, आणि फार वाईट अवस्थेत अक्षरंच गळून पडतात. अशा पानाला पाण्यापासून दूर ठेवा आणि उचलताना खाली नेहमी एक जाड कागद घ्या.

बाकीचं थोडक्यात. टाईप केलेल्या मसुद्याची कार्बन प्रत बोटाने पुसली जाते, तिच्यावर खोडरबर चालवू नका. वर्तमानपत्राचं कात्रण शेजारच्या पानावर पिवळा डाग उमटवतं, म्हणून त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा. त्याच्या समासात लेखकाने काही खरडलं असेल तर ते कात्रण हस्तलिखिताइतकंच मोलाचं समजा. थर्मल कागदावरचे फॅक्स आणि पावत्या आपोआप पुसट होतात, त्यांची प्रत लगेच करा. जुन्या फिल्मना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या बाकीच्यांपासून दूर हलवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली नायट्रेट फिल्म तर पेटू शकते. कडेला तसा शब्द छापलेला दिसला तर घरात न ठेवता अभिलेखागाराला, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थेला, विचारा.

सहावी पायरी: लावणी

अभिलेखागारातले लोक दोन नियम पाळतात. एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि त्या माणसाने लावलेला क्रम मोडायचा नाही. घरच्या कामालाही हेच दोन नियम पुरतात.

मग ते तीन ढीग? विभाग करायचे ते यादीत करा, कपाटात नाही. यादीत ‘लष्करी सेवा’, ‘अध्यापन’, ‘लेखन’, ‘पत्रव्यवहार’, ‘छायाचित्रं’ असे रकाने असू द्या आणि एकाच वस्तूपुढे दोन किंवा तीन रकान्यांत खूण करा. त्यांनी स्वतः बांधलेला गठ्ठा मात्र अखंड ठेवा, मग त्यात लष्कराचा हुकूम, मुलाचा निबंध आणि कवितेचा कच्चा खर्डा एकत्र का असेना. त्या तिघांचं एकत्र असणं हीच माहिती आहे. क्रमच नसलेले सुटे कागद असतील तेव्हा तुम्ही खुशाल तारखेनुसार लावा, आणि हा क्रम तुमचा आहे अशी नोंद करा.

शिक्षक-लेखकांकडे हमखास सापडणारी एक वही डोळ्यांपुढे आणा. पुढून उघडली की इयत्ता सातवीचं पाठटाचण: तारीख, तास, उद्दिष्ट, फळ्यावर काढायची आकृती. वही उलटी करून मागून उघडली की कथा सुरू. मध्ये कुठेतरी दोन्ही मजकूर एकमेकांना भिडतात. कधी पाठाच्या समासात कथेतल्या पात्राचं नाव येतं आणि पुढे त्याच नावाभोवती गोल. कथेवर तारीख नसते, पण पाठटाचणावर असते. त्यामुळे कथा कोणत्या महिन्यात लिहिली हे शाळेच्या वेळापत्रकावरून कळतं. अशी वही ‘कथा’ म्हणून किंवा ‘शाळा’ म्हणून लावली तर तिचा निम्मा अर्थ बुजतो. पानांना पुढून १, २, ३ आणि मागून म-१, म-२, म-३ असे क्रमांक द्या. पानं सुटी करून ‘सरळ’ लावू नका.

क्रमांक मऊ पेन्सिलीने, २बी चालेल, मागच्या बाजूला कोपऱ्यात आणि हलक्या हाताने. पेन, शिक्का, चिकटपट्टी नको.

पत्र आणि त्याचं पाकीट वेगळं होऊ देऊ नका. लष्करी पत्रावर सैनिकाला गावाचं नाव लिहायची बहुधा मुभा नसे. पाकिटावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा (म्हणजे तुकड्यांसोबतच्या लष्करी टपाल कार्यालयाचा) क्रमांक, टपालाची तारीख आणि सेन्सॉरचा शिक्का यांवरूनच तुकडी तेव्हा कुठे होती याचा माग लागतो. सेन्सॉरने खोडलेल्या ओळी उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करायला हरकत नाही, पण रसायन लावून नाही. काही जण पत्रांना क्रमांक देत असत. मधला क्रमांक गायब दिसला तर यादीत तशी नोंद करा: पत्र हरवलं, अडकलं की कुणी काढून घेतलं, हे पुढे कळू शकतं.

सरकारकडे सगळं असेलच, असं म्हणून सेवेचे कागद दुय्यम समजू नका. १९४० मध्ये लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून अधिक सेवानोंदी जळाल्या. १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या नोंदणी केंद्राला आग लागून १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली गेल्या. अशा कुटुंबांत घरातली सेवापुस्तिका हाच एकमेव पुरावा उरला.

ठेवायला आम्लमुक्त कागदाचे फोल्डर आणि खोकी घ्या. सगळ्यासाठी परवडत नसतील तर आधी हस्तलिखितं, रोजनिश्या आणि आघाडीवरची पत्रं यांना द्या. फोटोंसाठी पॉलिएस्टरची पाकिटं ठीक, पीव्हीसीची नाहीत. खोकं इतकं भरा की कागद वाकणार नाहीत आणि ओढूनही काढावे लागणार नाहीत. पदकं, बिल्ले, टोपी वेगळ्या खोक्यात ठेवा, पण यादी एकच असू द्या. पदकाला पॉलिश करू नका.

सातवी पायरी: जाणत्या माणसांना विचारणं

हे काम स्कॅनिंगच्या आधी करा, कारण कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. फोटोत मागे उभा असलेला कोण, ‘अण्णा’ म्हणजे कोण, रोजनिशीतल्या दोन अक्षरांच्या खुणेचा अर्थ काय, हे एखादा जुना सहकारी किंवा धाकटी बहीण क्षणात सांगते. फोटो दाखवत बोला, परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा आणि उत्तर कुणी, कोणत्या तारखेला दिलं ते लिहा. सांगणाऱ्याला खात्री नसेल तर ‘बहुधा’ हा शब्दही लिहा. युद्धाबद्दल बोलताना कुणी थांबलं तर पुढे खोदू नका.

याच वेळी त्यांनी ज्यांना पत्रं लिहिली त्यांच्याकडे विचारणा करा. मूळ पत्र मागू नका, स्कॅन मागा. लोक आनंदाने देतात.

आठवी पायरी: स्कॅनिंग

मजकुरासाठी ३०० ते ४०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके), फोटोंसाठी ६००, आणि सगळं रंगीत. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं की पेन्सिल, शाई आणि नंतरची लाल दुरुस्ती यांतला फरकच जातो. दोन्ही बाजू, पाकीट, कोरी पानं, सगळं घ्या. कागद वरून सरकत जाणाऱ्या फीडरमध्ये जुनं पान कधीही घालू नका. बांधीव वही १८० अंशांत दाबून उघडण्यापेक्षा वरून कॅमेऱ्याने टिपा.

मूळ फाइल टिफमध्ये, वाचायला पाठवायची प्रत जेपीईजी किंवा पीडीएफमध्ये. फाइलचं नाव यादीतल्या क्रमांकावरूनच द्या: खोकं, फोल्डर, वस्तू, पान. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. वर्षातून एकदा फाइली उघडतात का ते तपासा. अलीकडच्या लेखकाच्या बाबतीत जुना संगणक, फ्लॉपी आणि ईमेलही याच कामात धरा. संगणक फॉरमॅट करण्याआधी त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून घ्या.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद फेकण्याचा विचारही करू नका. पानावरचा दाब, खोडलेला शब्द, कागदाचा पोत स्कॅनमध्ये पुरता उतरत नाही.

नववी पायरी: काय उघडं, काय बंद

शिक्षकाच्या कागदांत दुसऱ्यांच्या मुलांची माहिती असते: गुण, शिक्षा, घरची परिस्थिती, एखाद्या मुलीने विश्वासाने लिहिलेलं पत्र. ती मुलं आज मोठी माणसं आहेत. अशा वस्तू जपा, पण यादीत ‘बंद’ अशी खूण करून कोणत्या वर्षापर्यंत ते लिहा. सैनिकाच्या रोजनिशीत सोबत्याच्या मृत्यूचं वर्णन असेल तर त्या कुटुंबाचाही विचार करावा लागतो. घरातल्या कटू गोष्टींबाबतही हेच: पान फाडू नका, मुदतबंद करा. फाडलेलं पान परत येत नाही. बंद ठेवलेलं पान तीस वर्षांनी कुणाला दुखावणारही नाही.

दहावी पायरी: संस्थेकडे सोपवणं

घरात पुढच्या पिढीत हे सांभाळणारं कुणी दिसत नसेल, तर विद्यापीठाचं ग्रंथालय, अभिलेखागार किंवा लष्करी संग्रहालय यांच्याशी बोला. इथे पुन्हा तोच मोह येतो: पदकं आणि हुकूम संग्रहालयाला, हस्तलिखितं विद्यापीठाला, उरलेलं शाळेला. माझं मत स्पष्ट आहे, सगळं एकाच ठिकाणी द्या. पदकं, टोपी अशा वस्तू घ्यायला संस्था तयार नसेल तर त्या दुसरीकडे द्याव्या लागतील. तसं झालं तर दोन्ही यादींत परस्परांचा उल्लेख हवा.

संस्थेसाठी तुमच्या यादीच्या वर संग्रहाची ओळख लिहा. अभिलेखांच्या वर्णनासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात सहा गोष्टी अत्यावश्यक मानल्या आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, कर्ता, कालखंड, किती साहित्य, आणि वर्णन कोणत्या पातळीचं, म्हणजे संपूर्ण संग्रहाचं की एका फोल्डरचं. त्याला त्यांच्या आयुष्याचा पानभर आलेख जोडा: कोणत्या वर्षी कोणत्या तुकडीत, कोणत्या शाळेत, काय प्रकाशित झालं.

सोपवण्याआधी विचारायचे प्रश्न असे: कागदांची मालकी संस्थेकडे जाणार की फक्त ठेव म्हणून राहणार? कॉपीराईट कुणाकडे? बंद विभाग खरोखर बंद राहतील का? संस्था काही काढून टाकणार असेल तर आधी कुटुंबाला कळवेल का? स्कॅन कुणाला मिळतील? सगळी उत्तरं दानपत्रात लिहून घ्या. प्रत्येक खोक्यात त्याची यादी वरच ठेवा, पूर्ण यादीच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही व तारीख घ्या आणि एक प्रत घरी ठेवा.